६७५ कॅरेटचा बेगल

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात पाचव्या आणि सहाव्या ॲव्हेन्यूंच्या मधला सत्तेचाळिसावा रस्ता हिऱ्यांच्या व्यापारासाठी जगभर ओळखला जातो. एवढ्याशा त्या पट्ट्यात ज्यू आणि जैन व्यापारी कित्येक दशके शेजारी-शेजारी बसून व्यवहार करीत आले आहेत. सौदा पक्का झाला की हात मिळवून ‘मझल’ म्हणण्याची ज्यूंची रीत मुंबईच्या हिरेबाजारानेही आपलीशी केली आहे, आणि त्या एका शब्दावर लाखोंचा माल हातोहात जातो. शेजारामुळे शब्द जसे आले, तसे पदार्थही आले. त्यांतला सर्वांत चिवट पदार्थ, दोन्ही अर्थांनी, म्हणजे बेगल.

बेगल म्हणजे मध्ये भोक असलेला, कड्यासारखा गव्हाचा पाव. इतर पावांपेक्षा त्याचे वेगळेपण एवढेच, की भट्टीत जाण्यापूर्वी तो उकळत्या पाण्यातून काढतात. त्यामुळे त्याला तुकतुकीत साल येते आणि आतला गर घट्ट, चावायला लागणारा राहतो. मुंबई-पुण्याच्या कॅफेंमध्येही आता तो मिळतो. परंतु न्यूयॉर्कमध्ये तो कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो, आणि ज्याला संध्याकाळी चार वाजता काहीतरी खायलाच हवे, त्याच्या हाताशी तोच असतो.

चार वाजता का, हे चौविहार पाळणाऱ्यांना सांगावे लागणार नाही. डिसेंबरात न्यूयॉर्कला सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो. पेढी बंद करून न्यू जर्सीतल्या एडिसनला पोहोचेपर्यंत अंधार पडून बराच वेळ झालेला असतो. वाळकेश्वरात वाढलेले आणि पंचवीस वर्षांपूर्वी तिकडे गेलेले पंचावन्न वर्षांचे एक हिरेव्यापारी दिवाळीपासून फाल्गुनापर्यंतचे आपले संध्याकाळचे भोजन म्हणूनच पेढीवर उरकीत. भोजन कसले, एक बेगल आणि त्यावर क्रीम चीज. जेवण हलके झाले, असे समाधान वर. अंगकाठी सडपातळ, पोट थोडेसे पुढे, बाकी तक्रार काही नव्हती.

गेल्या हिवाळ्यात नेहमीच्या तपासणीत त्यांच्या रक्तातील साखरेचा तीन महिन्यांचा आकडा, म्हणजे एचबीए१सी, ६.१ निघाला. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्याचा टप्पा समजला जातो. वजनाचा निर्देशांक, ज्याला बीएमआय म्हणतात, तो २४ होता. अमेरिकेत २५ पर्यंत वजन ठीक मानतात, म्हणून गृहस्थ निर्धास्त होते. डॉक्टरांनी त्यांना समजावले, की आशियाई वंशाच्या लोकांना कमी वजनातही मधुमेह गाठतो. याच कारणाने अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने २०१५ पासून त्यांच्यासाठी तपासणीची रेषा २३ वर आणली आहे. मग रोजच्या आहाराची चौकशी झाली आणि बोट बेगलवर येऊन थांबले.

सूनबाईंनी फोनवर एवढेच विचारले, “पप्पा, तो केवढा असतो? तोलून तरी पाहा.” आयुष्यभर कॅरेटच्या शंभराव्या भागावर घासाघीस केलेल्या माणसाने पंचवीस वर्षांत बेगल कधी तोलला नव्हता. त्या दिवशी मालाची पुडकी जोखण्याच्या तराजूवर तो ठेवला. आकडा आला ६७५ कॅरेट. पाच कॅरेटचा एक ग्रॅम, म्हणजे १३५ ग्रॅम.

साध्या बेगलमध्ये १०० ग्रॅममागे सुमारे २७० उष्मांक असतात. तेव्हा नुसता पावच ३६५ उष्मांकांचा झाला. दुकानदाराने वर थापलेले क्रीम चीज खरवडून जोखले, ते ७० ग्रॅम भरले. त्याचे १०० ग्रॅममागे ३५० उष्मांक, म्हणजे आणखी २४५. एकूण ६१०. तुपाशिवायच्या लहान फुलक्यात ७० उष्मांक धरले, तर ते जवळजवळ नऊ फुलके झाले. ताटात नऊ फुलके वाढले असते तर त्यांनी हात आडवा धरला असता. कड्याच्या रूपात तेच रोज हसतमुखाने स्वीकारले जात होते.

सोडून पाहिला

पहिला उपाय अर्थातच बेगल बंद करण्याचा झाला. तो पंधरा दिवस टिकला, पण हिशेबात काही उरले नाही. चारच्या सुमारास चिवडा, बिस्किटे, तळलेले काप असे एकामागून एक तोंडात जाऊ लागले. पोट भरत होते, जिभेची मागणी मात्र तशीच राहत होती. एखादी वस्तू खाण्याची ओढ लागते तेव्हा तिच्यातले नेमके काय हवे असते, हे ओळखल्यावाचून तिची जागा दुसऱ्या वस्तूला घेता येत नाही. सूनबाईंनी शोध या टोकापासून सुरू केला, आणि तो बरोबर होता.

बेगलची ओढ ही पिठाची ओढ नाही. ती वरच्या सालीची आहे, चावताना दातांना लागणाऱ्या ताणाची आहे, तिळांच्या खमंगपणाची आणि जाड्या मिठाची आहे, आणि थोडीशी वरच्या आंबटसर, मऊ थराची. यांपैकी कशातच फारसे उष्मांक नाहीत. उष्मांक आहेत ते आतल्या गराच्या आकारमानात आणि क्रीम चीजच्या जाडीत. आणि या दोन्ही गोष्टी मूळ बेगलमध्ये अशा नव्हत्या.

हे शेजारच्या पेढीवरील वृद्ध ज्यू कारागिराने सांगितले. त्याच्या लहानपणी, मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडमध्ये, बेगल तळहातावर मावत असे आणि मुले तो बोटात घालून फिरत. ही केवळ म्हाताऱ्या माणसाची जुन्या दिवसांची आठवण नाही. इतिहास त्याच्या बाजूने आहे.

कड्याचा प्रवास

बेगलचे माहेर पोलंड. क्राकूव्ह शहरात ‘ओब्वाझानेक’ नावाचा कड्यासारखा पाव आजही हातगाड्यांवर विकतात. राणी यादविगासाठी तो आणल्याची नोंद १३९४ च्या दरबारी खर्चात आहे. त्याच शहराच्या ज्यू समाजाने १६१० मध्ये केलेल्या नियमांत बाळंतपणाशी संबंधित प्रसंगी बेगल देण्याचा उल्लेख येतो. समारंभांतील खर्चाला आळा घालणारे ते नियम होते. व्यापारी समाजांना असे नियम परके नाहीत. १६८३ मध्ये व्हिएन्नाच्या लढाईनंतर पोलंडच्या राजाच्या सन्मानार्थ रिकिबीच्या आकाराचा पाव केला आणि तोच बेगल झाला, ही गोष्ट पुष्कळ सांगितली जाते. पण तिच्याआधी ७३ वर्षे बेगल कागदावर आलेला असल्याने ती सोडून द्यावी लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्व युरोपातील ज्यू निर्वासितांबरोबर तो न्यूयॉर्कला आला. तेथे तळघरांतल्या भट्ट्यांवर काम करणाऱ्या कारागिरांची ‘लोकल ३३८’ नावाची संघटना होती. सभासद सुमारे तीनशे, आणि कसब बहुतेक पित्याकडून पुत्राकडे जाणारे. घट्ट कणकेची वळी हातावर वळून, तिची टोके जुळवून कडे करण्याचे काम सोपे नव्हते. १९५१ च्या डिसेंबरात या कारागिरांचा वाद पेटला तेव्हा शहरातल्या जवळजवळ सगळ्या बेगल-भट्ट्या बंद पडल्या आणि वर्तमानपत्रांनी बेगलचा दुष्काळ जाहीर केला. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातील डॅनियल थॉम्पसन याचे बेगल वळणारे यंत्र आले. न्यू हेवन गावातील लेंडर कुटुंबाने ते १९६३ मध्ये भाड्याने घेतले आणि गोठवलेला बेगल अमेरिकेच्या घराघरांत पोहोचवला. संघटनेचे बळ त्यानंतर ओसरले. हातातली कला गेली, हा तोटा सगळ्यांच्या लक्षात आला; आकार वाढू लागला, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या लक्षात आली नाही.

आकार वाढण्याचे कारण साधे आहे. उकळत्या पाण्यात पडताच वरच्या पिठातील पिष्ट शिजून साल घट्ट होते आणि भट्टीत पावाला फारसे फुगता येत नाही. पुष्कळ कारखान्यांनी उकळणे सोडून वाफेवर भागवायला सुरुवात केली. बेगल मऊ झाला, फुगला, आणि दोन भाग करून मध्ये काहीही भरता येईल असा सँडविचचा पाव होऊन बसला. अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस व रक्त संस्थेने या शतकाच्या आरंभी लोकांच्या माहितीसाठी एक तुलना प्रसिद्ध केली होती. वीस वर्षांपूर्वीचा बेगल तीन इंच व्यासाचा, १४० उष्मांकांचा. आताचा सहा इंचांचा, ३५० उष्मांकांचा. म्हणजे वृद्ध कारागिराचा तळहात खोटे बोलत नव्हता. कमी उष्मांकांचा बेगल नव्याने शोधण्याची गरजच नव्हती. तो मुळात होताच.

बाजारातल्या सोयी

तरीही बाजारात जे जे ‘हलके’ म्हणून मिळते ते सूनबाईंनी आणून पाहिले. त्यातले फार थोडे टिकले.

न्यूयॉर्कच्या दुकानांत बेगल ‘पोखरून’ मागण्याची पद्धत आहे. दुकानदार तो कापतो आणि आतला गर बोटांनी काढून टाकतो. पाव ते तिसरा हिस्सा पीठ कमी होते. साल शिल्लक राहते, म्हणून ओढ भागते, हे खरे. पण पोखरलेल्या खळग्यात क्रीम चीज अधिक मावते आणि वाचलेले उष्मांक तेथेच परत येतात. शिवाय काढलेला गर सरळ कचऱ्यात जातो. ताट धुऊन पिणाऱ्यांच्या घरात वाढलेल्या माणसाने हे एकदा पाहिले आणि पुन्हा मागितले नाही.

पातळ बेगल पाकिटातून मिळतात, प्रत्येकी सुमारे ११० उष्मांकांचे. आकडा चांगला आहे, पण तो बेगल नव्हे. मध्ये भोक पाडलेला गोडसर पाव आहे. तो खाऊन झाल्यावर खऱ्या बेगलची आठवण अधिकच येते. बेगलचे कुरकुरीत काप तर उघड फसवणूक आहे. तेल लावून वाळवलेल्या त्या कापांत १०० ग्रॅममागे साडेचारशेहून अधिक उष्मांक असतात, आणि पिशवी हातात असताना शंभर ग्रॅम कधी संपतात ते कळत नाही. त्यापेक्षा घरचा खाकरा कितीतरी बरा.

सर्वांत सावध राहावे ते ‘कमी कर्बोदकांच्या’ बेगलबाबत. कर्बोदके कमी म्हणजे उष्मांक कमी, असा समज पक्का रुजला आहे आणि तो चुकीचा आहे. बदामाचे पीठ आणि वितळलेले चीज घालून केलेल्या बेगलमध्ये साखर वाढवणारे पिष्ट खरोखरच थोडे असते. पण मैद्याचे १०० ग्रॅममागे ३६४ उष्मांक, तर बदामाच्या पिठाचे ५८० ते ६००. वर तो बांधला जातो अंड्याने. पाकिटातील उच्च-प्रथिन बेगलमध्ये अंड्याचा पांढरा भाग नसला, तर पुष्कळदा वाटाण्याचे, सोयाचे किंवा हरभऱ्याचे पीठ असते. शाकाहारी म्हणून ते घरात सहज येते आणि वर क्रीम चीज किंवा दही लावले, की द्विदलाचा दोष घडतो. गव्हाच्या बेगलला ही अडचण नाही. द्विदल टाळणाऱ्या घरांत या पाकिटाची मागची बाजू समोरच्या बाजूपेक्षा आधी वाचली पाहिजे.

मागची बाजू वाचण्याची सवय साध्या बेगललाही लागू आहे. अंड्याचा बेगल नावाने ओळखू येतो, पण चकाकीसाठी वरून अंडे फिरवलेले कळत नाही. कॅनडातील माँट्रियालचा बेगल आकाराने लहान आणि लाकडाच्या भट्टीतला, म्हणून हलक्या आहारात त्याची शिफारस होते. परंतु तो मधाच्या पाण्यात उकळतात आणि पिठातही बहुधा अंडे असते. कारखान्यातील कणीक सैल करण्यासाठी एल-सिस्टीन नावाचे द्रव्य घालतात. ते काही ठिकाणी किण्वनाने करतात, पण पक्ष्यांच्या पिसांपासून किंवा केसांपासूनही मिळवतात, आणि लेबलवर त्याचा उगम लिहिलेला नसतो. कोशर वस्तूंवर ‘पारेव्ह’ हा शब्द दिसला, की अनेक जैन कुटुंबे निश्चिंत होतात. त्या शब्दाचा अर्थ मांस आणि दूध नाही एवढाच. अंडे आणि मासा पारेव्हमध्ये बसतात. ‘व्हीगन’ असे लिहिलेले असेल तर अंडे, मध आणि पिसांचा प्रश्न एकदम मिटतो. कांदा-लसूण मात्र तेव्हाही पाहावा लागतोच. ‘एव्हरीथिंग’ नावाच्या लोकप्रिय बेगलवर ते दोन्ही वाळवून लावलेले असतात आणि शेजारच्या टोपलीत उडतात. कापण्याची सुरी सर्वांना एकच असते, आणि त्याच फळीवर खारवलेला मासाही कापला जातो.

या सुरीमुळेच एक गंमत उघडकीस आली. न्यूयॉर्क राज्यात अखंड बेगल घेऊन दुकानाबाहेर पडले तर विक्रीकर लागत नाही; तोच कापून, भाजून किंवा वर काही लावून घेतला, की तो तयार जेवण ठरतो आणि शहरात ८.८७५ टक्के कर लागतो. हे कळल्यावर व्यापारी गृहस्थांनी कापलेला बेगल घेणे तत्काळ बंद केले. डॉक्टरांच्या सांगण्याने जे साधले नसते ते कराने साधले: क्रीम चीज दुकानदाराच्या हातून आपल्या हाती आले.

घरचे दोन प्रकार

पहिला प्रकार यीस्टशिवायचा आणि फार लवकर होणारा. अमेरिकेत वजन कमी करणाऱ्यांमध्ये तो ‘दोन जिनसांचा बेगल’ म्हणून पसरला आहे. त्यातले ग्रीक योगर्ट म्हणजे महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराला ठाऊक असलेला, श्रीखंडासाठी बांधतात तो चक्का. साय काढलेल्या दुधाच्या दह्याचा २५० ग्रॅम चक्का, १२५ ग्रॅम मैदा, दीड लहान चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा मीठ एकत्र मळतात. चक्का ओला असेल तर पीठ फार चिकटते. म्हणून तो नीट निथळलेला हवा, आणि हाताला थोडी पिठी लावावी लागते. चार वळ्या करून कडी जुळवायची, वर अंड्याऐवजी दुधाचा हात फिरवून तीळ लावायचे आणि १९० अंश सेल्सिअसला सुमारे २५ मिनिटे भाजायचे. एकेक दीडशे उष्मांकांचा होतो. बाहेरचे योगर्ट घ्यायचे तर त्यात जिलेटिन नाही हे पाहावे. अमेरिकेत काही योगर्टांत ते असते.

खरे सांगायचे, तर हा बेगल नाही. चवीला तो आंबूस नानच्या जवळ जातो आणि दातांना ताण देत नाही, कारण त्याला उकळणे नाही. पण मध्ये कापून, आतली बाजू कुरकुरीत होईपर्यंत भाजला, की निम्मी ओढ भागवतो. आणि पहाटे करून त्याच दिवशी संपवता येत असल्याने शिळेपणाचा प्रश्न येत नाही. ज्या घरांत यीस्ट घेत नाहीत, त्यांच्यासाठी तर हाच मार्ग.

दुसरा प्रकार म्हणजे खरा बेगल, फक्त जुन्या मापाचा. सूनबाई तो रविवारी करतात. ५०० ग्रॅम पीठ, त्यात निम्मा जास्त प्रथिनांचा मैदा आणि निम्मी कणीक. २९० ग्रॅम पाणी, १० ग्रॅम मीठ, ५ ग्रॅम कोरडे यीस्ट आणि एक मोठा चमचा जवाचे माल्ट सिरप. कणकेमुळे उष्मांक जवळजवळ तेवढेच राहतात, पण तंतू नुसत्या मैद्यापेक्षा बरेच अधिक होतात. पीठ घट्ट असते आणि दहा मिनिटे जोर लावून मळावे लागते. येथे पाणी वाढवण्याचा मोह टाळला नाही तर पुढे सालच धरत नाही. तासभर फुगल्यावर त्याचे चौदा भाग करतात, प्रत्येकी सुमारे ५७ ग्रॅम. दुकानात एवढ्या पिठात सहा-सातच झाले असते. वळलेली कडी वीस मिनिटे झाकून ठेवायची आणि मग थोडे माल्ट घातलेल्या उकळत्या पाण्यात दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिनिट सोडायची. पाण्यातून काढताच, साल ओली असताना, तीळ दाबून लावायचे. २२० अंशांवर १६ ते १८ मिनिटांत ती तांबूस होतात.

यातला प्रत्येक बेगल १३० उष्मांकांचा, तिळांसह दीडशेच्या आत. मुख्य म्हणजे तो लहान असल्यामुळे त्यात गराच्या मानाने साल अधिक येते, आणि ओढ सालीचीच होती. चावायला वेळ लागतो, त्यामुळे तो घाईने संपत नाही.

‘एव्हरीथिंग’च्या चवीसाठी कांदा-लसणाची उणीव भरून काढणे हा सूनबाईंचा खास अभिमानाचा विषय आहे. पांढरे आणि काळे तीळ, जाडे मीठ, कलौंजी आणि चिमूटभर हिंग. हिंग थेंबभर तुपात फुलवून मिठात चोळून ठेवतात. कलौंजीला अनेक बाजारांत कांद्याचे बी म्हणतात. ते कांद्याचे नव्हे, निराळ्याच झाडाचे आहे, पण भाजल्यावर कांद्याची आठवण करून देते एवढे खरे. मूळ मिश्रणातली खसखस बहुबीज म्हणून त्यांच्या घरात वर्ज्य आहे. ती नसल्याने काही बिघडले नाही.

वरच्या थराचे काम चक्क्यानेच होते. साय काढलेल्या दुधाच्या चक्क्यात १०० ग्रॅममागे साठेक उष्मांक, क्रीम चीजमध्ये साडेतीनशे. मीठ, मिरपूड आणि चिरलेला शेपू घातला, तर ३० ग्रॅमचा थर पुरतो. तिथीच्या दिवशी शेपूऐवजी भाजलेले जिरे. ज्यांना क्रीम चीजच हवे, त्यांनी फेटून हलके केलेले घ्यावे. त्यात हवा असल्याने तेवढाच चमचा निम्म्याच्या जवळपास उष्मांकांत भागतो. आणि तिळांची चवच तेवढी हवी असेल, तर हाच चक्का आणि हेच तीळ-कलौंजीचे मिश्रण खाकऱ्यावरही उत्तम लागते. चिवटपणाची ओढ मात्र खाकरा भागवू शकत नाही. त्या दिवशी तो पुढे करून उपयोग नाही, हे घरात सर्वांना कळले आहे.

पेढीवर, चार वाजता

आठवड्यातले चार दिवस स्टीलच्या डब्यात चक्क्याचा बेगल जातो. तीन महिन्यांनंतरच्या तपासणीत आकडा ५.९ आला, त्यात रेल्वे स्थानकापासून पेढीपर्यंत चालत जाण्याचाही वाटा आहे, आणि डॉक्टर त्याचेच श्रेय अधिक मानतात. सूनबाईंचे मत अर्थातच वेगळे आहे. भरलेल्या पोटाची पूर्वीची कल्पना बदलायला सुमारे महिना लागला. पहिल्या काही दिवसांत गृहस्थ साडेचारला हात धुऊन उठत आणि आपण काहीच खाल्ले नाही अशी तक्रार करीत. घरच्या वडीलधाऱ्यांनी मुंबईहून फोनवर ऊनोदरीची आठवण करून दिली, तेव्हा ते हसले आणि तक्रार बंद झाली.

पाचवा दिवस शुक्रवारचा. त्या दिवशी शेजारच्या वृद्ध कारागिराचा शब्बाथ सूर्यास्ताबरोबर सुरू होत असल्याने त्यालाही अंधार पडण्यापूर्वी घर गाठायचे असते. त्यामुळे शुक्रवारचे खाणे तीनच्या आत उरकते. कोपऱ्यावरच्या कोशर भट्टीतून एक मोठा, अखंड, साधा बेगल येतो, कर न देता. पेढीवरच्या स्वतंत्र सुरीने तो कापला जातो. शेजारी हात धुऊन भाकरीचा आशीर्वाद म्हणतो, तोवर हे डब्यातला चक्का काढतात. अर्धा बेगल आणि त्यावर दोन चमचे चक्का, म्हणजे सुमारे दोनशे उष्मांक. पूर्वीच्या ६१० चा तिसरा हिस्सा, आणि तोही खऱ्या बेगलचा.

दोन भाग कधी सारखे होत नाहीत. मग पुडक्यांचा तराजू पुढे ओढला जातो, दोन्ही अर्धे जोखले जातात, आणि जास्त कॅरेट भरलेला शेजाऱ्याकडे सरकवून ‘मझल’ म्हटले जाते.